नावात काय आहे? कोल्हा आहे!

फ्रेंचमध्ये नळाला 'रोबिने' म्हणतात. किचनमधला, बाथरूममधला, ऑफिसच्या पॅन्ट्रीतला, कुठलाही नळ. आणि हा रोबिने आला कुठून? तर मेंढ्याकडून. हसू नका, डिक्शनरीत आहे. जुन्या फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत मेंढ्याला लाडानं 'रोबँ' म्हणत. रोबँ म्हणजे रोबेरचं, म्हणजे आपल्या ओळखीच्या रॉबर्टचं घरगुती रूप. दत्तात्रयचा दत्तू होतो ना, तसं. पुढे पाण्याच्या तोट्यांवर मेंढ्याचं डोकं घडवायची फॅशन आली आणि लोक त्या तोटीलाच 'रोबिने' म्हणायला लागले. म्हणजे छोटा रोबँ. डोकं केव्हाच गेलं, नाव राहिलं. त्यामुळे आजही पॅरिसच्या एखाद्या फ्लॅटमध्ये रात्रभर नळ टपकत असेल, तर टेक्निकली तिथे रॉबर्ट टपकतोय!

गेलं वर्षभर मी संध्याकाळच्या फ्रेंच क्लासला जातेय. कारण रोमँटिक वगैरे काही नाही. मराठी लेखापेक्षा फ्रेंच भाषांतराला शब्दामागे जास्त पैसे मिळतात, फ्रीलान्सरचा इतका साधा हिशेब. पण प्राण्यांचा धडा आला आणि माझी वही एकदम हाऊसिंग सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखी दिसायला लागली. पिएर, मार्गो, मार्तँ, बेर्नार, गियोम. सगळी माणसांची नावं, आणि अर्थ काय? चिमणी, अस्वल, खेकडा. तेव्हापासून मी या नावांच्या मागे लागलेय. आजचा कॉलम त्यांच्यावरच.

मध्ययुगातलं झेरॉक्स

सुरुवात सगळ्यात फेमस केसपासून करू. फ्रेंचमध्ये कोल्ह्याला 'रनार' म्हणतात. (प्राणिशास्त्रवाले रागावतील, फॉक्स म्हणजे खरं तर आपलं खोकड. पण गोष्टीतला लबाड म्हटलं की आपल्याला कोल्हाच आठवतो, तर चालवून घ्या.) हा रनार कोल्ह्याचा मूळ शब्द नाहीच. जुन्या फ्रेंचमध्ये कोल्ह्याला 'गुपिल' म्हणत. चांगला लॅटिनमधून आलेला, खानदानी शब्द.

मग बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'रोमाँ द रनार' नावाच्या गोष्टी आल्या. एका लेखकाच्या नाहीत, अनेकांनी अनेक वर्षं रचलेल्या, पद्यात. सगळी पात्रं प्राणी आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव. लांडगा इझांग्रँ, अस्वल ब्रँ, मांजर तिबेर, कोंबडा शांतक्लेर. आणि हीरो म्हणा, व्हिलन म्हणा, तो गुपिल. त्याचं नाव रनार. हे माणसाचंच नाव होतं, जर्मन वळणाच्या 'रेगिनहार्ड'वरून आलेलं. अर्थ साधारण 'मसलतीला पक्का'. कन्सल्टंटच म्हणा ना.

हा रनार लांडग्याला फसवतो, राजा सिंहाच्या दरबारात खोटं बोलून सुटतो, धर्मगुरूंची टिंगल करतो. पब्लिकला प्रचंड आवडला. इतका की लोक शेतात खराखुरा गुपिल दिसला तरी 'तो बघ रनार' म्हणायला लागले. आपण दुकानात जाऊन 'कोलगेट द्या, कुठल्याही कंपनीचं चालेल' म्हणतो, ते हेच. फोटोकॉपीचं झेरॉक्स झालं, वनस्पती तुपाचं डालडा झालं, तसं गुपिलचं रनार झालं. फरक एवढाच की इथे मूळ शब्द जवळपास मेलाच. सोळाव्या शतकापर्यंत गुपिल कोपऱ्यात गेला होता. आज तो फ्रान्समध्ये उरलाय मुख्यतः आडनाव म्हणून. म्हणजे गंमत बघा, माणसाचं नाव कोल्ह्याला गेलं आणि कोल्ह्याचं नाव माणसाकडे आलं. एक्सचेंज ऑफर!

आता वाटेल, गोष्ट हिट झाली की असं होतंच. तर नाही. हीच गोष्ट जर्मनांकडेही होती. गटेनं १७९४ मध्ये तिच्यावर आख्खं काव्य लिहिलं. इंग्रजीत कॅक्स्टननं ती १४८१ मध्ये छापली. पण जर्मन कोल्हा 'फुक्स'च राहिला आणि इंग्रज कोल्हा 'फॉक्स'च. आपल्याकडे तर पंचतंत्रात करटक-दमनक केव्हापासून बसलेत, पण आपण रानातल्या कोल्ह्याला कधी दमनक म्हटलं नाही. फ्रान्समध्ये मात्र ते घडलं. आणि कोल्हा एकटा नव्हता. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या हद्दीजवळ कातालान बोलतात. तिथे कोल्ह्याला एक शब्द आहे 'गिनेऊ'. तो एका बाईच्या नावावरून आलाय, विनिहिल्डवरून. म्हणजे उत्तरेत कोल्हा रेगिनहार्ड आणि दक्षिणेत विनिहिल्ड. स्थळं जुळवायला हरकत नाही.

पिएर पिंजऱ्यात, पिएर खिडकीत

पक्ष्यांमध्ये तर नुसता हजेरीपटच आहे. पोपटाला फ्रेंचमध्ये आधी 'पापगे' म्हणत. तो शब्द अरबीतून आलेला. मग आला 'पेरोके', आणि बहुतेक कोशकार तो 'पेरो'वरून आला असं मानतात. पेरो म्हणजे पिएरचं लाडाचं नाव. इंग्रजीतला 'पॅरट' त्याच वळणाचा. चिमणीला बोलीत 'पिएरो' म्हणतात, तोही पिएरच. म्हणजे पिंजऱ्यातला पिएर वेगळा आणि खिडकीतला पिएर वेगळा.

उरलेले सोयीसाठी चौकटीत देते. कापून फ्रीजवर लावा, पाहुणे आले की भाव मारता येईल.

'साँसोने' : युरोपातला स्टार्लिंग, आपल्या साळुंकीच्या कुळातला. नाव बायबलमधल्या बलदंड सॅमसनचं. 'छोटू सॅमसन'. पक्षी मुठीएवढा.

'गियमो' : समुद्राकाठच्या कड्यांवर राहणारा काळा-पांढरा पक्षी. नाव गियोमचं, म्हणजे इंग्रजीतल्या विल्यमचं. ब्रिटनीमध्ये दिसतो. (प्रांत. गायिका नव्हे.)

'मार्तँ-पेशर' : खंड्या, म्हणजे किंगफिशर. शब्दशः 'मार्टिन मासेमार'.

'मार्गो' : मॅगपाय. रंगानं आपल्या दयाळासारखी काळी-पांढरी, पण कुळ कावळ्याचं. नाव मार्गरेटचं. इंग्रजीतल्या मॅगपायमधली 'मॅग'सुद्धा मार्गरेटच.

'बेर्नात पेस्कायरे' : दक्षिणेतल्या ऑक्सितान भाषेत बगळा. 'बर्नार्ड मासेमार'. मार्टिनशी कॉम्पिटिशन.

'बेर्नार लेर्मित' : हर्मिट क्रॅब, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. 'बर्नार्ड संन्यासी'. मुंबईत भाड्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकानं याला सलाम करावा.

'कातारिनेतो' : प्रोव्हान्समधला लेडीबग. लाल, ठिपकेवाली, छोटुशी कॅथरीन.

'रोबेर-ल-दियाब्ल' : पंखांच्या कडा फाटल्यासारखं दिसणारं एक फुलपाखरू. 'सैतान रॉबर्ट'. मेंढा, नळ आणि आता हा. रॉबर्टनं आयुष्यात काय काय केलं!

'गास्पार' : उंदीर, मोठा. पहिल्या महायुद्धात खंदकातले फ्रेंच सैनिक अंगावरून धावणाऱ्या उंदरांना गास्पार म्हणत.

पक्ष्यांनाच का?

यादी नीट बघा. सगळ्यात जास्त कोण आहेत? पक्षी. कुत्रा कुठेय? नाहीये. घरात राहणारा, पायात घुटमळणारा कुत्रा सोडून ही नावं झाडावरच्या मॅगपायला का?

हा प्रश्न क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या मानववंशशास्त्रज्ञालाही पडला होता. १९६२ च्या त्याच्या 'ला पाँसे सोव्हाज' या पुस्तकात त्याचं उत्तर आहे आणि ते मला जाम आवडलंय. तो म्हणतो, पक्षी आपल्यापेक्षा इतके वेगळे आहेत, पिसं, पंख, अंडी, आकाश, की ते आपल्यातले वाटायची भीतीच नाही. पण त्यांचं जग आपल्यासारखंच चालतं. घर बांधतात, जोडी जमवतात, पोरं वाढवतात, दिवसभर गप्पा मारतात. म्हणजे आपल्या शेजारी एक पॅरलल सोसायटी आहे, वेगळ्या गेटची. त्यांना पिएर म्हणा, मार्गो म्हणा, कुणाला काही फरक पडत नाही. कुत्रा मात्र आपल्याच सोसायटीत राहतो आणि तिथे त्याचा दर्जा खालचा. त्याला माणसाचं नाव दिलं तर ते नाव असलेल्या माणसाला लागेल. म्हणून फ्रेंच लोक कुत्र्याला अझोर, मेदोर, सुल्तान अशी नाटकातली वाटतील अशी नावं द्यायचे. आपल्याकडे मोत्या आणि टायगर, त्याच चालीवर.

यावर मी शनिवारभर विचार केला. आपण माणूस म्हणून कुणाच्या शेजारी किती जवळ बसायचं हे ठरवतो, ते नावातून दिसतं. कुत्र्याला 'प्रशांत' म्हणून हाक मारून बघा सोसायटीच्या गार्डनमध्ये. दुसऱ्या मिनिटाला बी-विंगचे प्रशांतकाका गॅलरीत येतील. पण पोपटाला राघू म्हटलं तर कुठल्याही राघूला, रघुनाथला किंवा राघवला राग येत नाही. माझी आजी अजूनही पोपटाला पोपट म्हणत नाही, राघूच म्हणते. आणि तारेवर बसून हवेतल्या हवेत माशा पकडणारा तो हिरवा चिमुकला पक्षी? त्याचं मराठी नाव 'वेडा राघू'. मराठीतला सैतान रॉबर्टच तो, फक्त आपण त्याला जरा मायेनं शिवी दिलीय.

ज्याचं नाव घ्यायचं नाही

सगळं लाडानंच चालतं असं नाही. काही नावांमागे भीती आहे.

फ्रान्स आणि स्पेनमध्ये पिरेनीज डोंगर आहेत. तिथले मेंढपाळ शतकानुशतकं अस्वलांच्या शेजारी राहिले. बेआर्न भागात ते अस्वलाला 'लू मुसू' म्हणत. म्हणजे मस्यू. साहेब! 'साहेब रात्री येऊन गेले, दोन मेंढ्या कमी आहेत.' दुसरं नाव 'अनवाणी'. कारण पावलाचा ठसा थेट माणसाच्या उघड्या पायासारखा. ज्याची भीती वाटते त्याचं खरं नाव घेतलं की तो येतो, हा विश्वास जगभर आहे. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, 'लांबडं' म्हणतात. वाघाचा 'वाघोबा' होतो. त्यातला 'बा' प्रेमाचा किती आणि घाबरून जोडलेला किती, ते वाघालाच ठाऊक.

फ्रान्सच्या बऱ्याच भागांत अस्वलाचं नाव होतं मार्तँ. हेच नाव गाढवालाही होतं. फ्रेंचमध्ये म्हण आहे, की जत्रेत मार्तँ नावाची गाढवं एकापेक्षा जास्त असतात. म्हणजे नावावरून ओळखायला जाऊ नका, गल्ली चुकेल. अस्वल आणि गाढव दोघंही मार्तँ कसे, तर त्याला जोडणारी एक दंतकथाच आहे. सेंट मार्टिनच्या गाढवाला अस्वलानं खाल्लं, तेव्हा संतानं अस्वलाच्याच पाठीवर सामान लादलं आणि पुढचा प्रवास केला. कामावरचा माणूस गेला की त्याचं काम ज्यानं तो घालवला त्याच्याच गळ्यात. एचआरनं शिकण्यासारखं आहे.

मिशेल पास्तुरो या इतिहासकारानं २००७ मध्ये अस्वलावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की चर्चच्या आधी युरोपात अस्वल हाच प्राण्यांचा राजा होता. त्याला खाली खेचायला काही शतकं लागली. अस्वल बिळात झोपायला जातं त्या दिवसांत, ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनचा सण आला. राजाचं नाव मार्तँ झालं, मग तो साखळीत आला, मग जत्रेत नाचायला लागला. नाव देणं म्हणजे कधीकधी वेसण घालणंही असतं.

नावं कुणाची? मार्गोची!

आता जरा टोचणारी गोष्ट. या यादीत लुई नाही. फ्रान्सला अठरा लुई राजे मिळाले, पण कुणी कावळ्याला लुई म्हटलं नाही. यादीत आहेत ते पिएर, जाक, मार्तँ, रोबँ, कोला. कोला म्हणजे निकोलाचा शॉर्टफॉर्म, तो गेला कावळ्याच्या भाऊबंदांना. ही सगळी शेतकऱ्यांची, गुराख्यांची, घरगड्यांची नावं. मध्ययुगातले सरदार कुठल्याही शेतकऱ्याला 'जाक बोनोम' म्हणत. नाव विचारायचे कष्ट कशाला? १३५८ मध्ये हे सगळे जाक चिडून उठले, तर त्या बंडाचं नावच 'जाकरी' पडलं. आणि बोलीभाषांमध्ये जाक कोण? जे नावाचा पक्षी, रंगीत आणि अखंड कलकलाट करणारा. मॅगपायच्या बडबडीला फ्रेंचमध्ये 'जाकासे' असं क्रियापद आहे, ते या जाकवरून आलं असावं असं कोशकार म्हणतात. (आपल्या 'झकास'शी काही संबंध नाही. मी तपासलं.)

माणसाचं नाव एकदा प्राण्याकडे गेलं की ते परत येताना साधं येत नाही. बन्वा म्हणजे बेनेडिक्ट, 'आशीर्वाद मिळालेला'. त्याचं झालं 'बने', म्हणजे बावळट. बन्वाची बनवाबनवीच झाली. पण बायकांच्या नावांचं काय झालं बघा. मार्गो मॅगपाय झाली, आणि मग 'मार्गो' म्हणजे बडबडी बाई. पुढे चारित्र्यावर बोट ठेवायलाही तेच नाव. कातरीनचं लाडाचं रूप 'कातँ'. आधी अर्थ खेड्यातली पोरगी, मग अर्थ वेश्या. अटलांटिकपलीकडे क्वेबेकमध्ये मात्र हाच शब्द बाहुली म्हणून टिकला. एकच नाव, एका किनाऱ्यावर शिवी आणि दुसऱ्या किनाऱ्यावर खेळणं.

हे वाचताना मला आधीची एक नोकरी आठवली. टीममध्ये आम्ही दोघीच मुली होतो आणि दोघी मीटिंगमध्ये बोलायचो. आमचं नाव पडलं 'साळुंक्या'. आमच्याइतकंच, खरं तर आमच्यापेक्षा जास्त बोलणारा एक मुलगा होता. त्याच्या अप्रेझलमध्ये लिहिलं होतं, 'एक्सलंट कम्युनिकेटर'. मी चिडले नाही, हसले. सगळे हसत होते. पण त्यानंतर मैत्रीण मीटिंगमध्ये कमी बोलायला लागली, हे मला दिसत होतं. मार्गोच्या बाबतीत हेच शतकानुशतकं चालू आहे. नाव चिकटतं तेव्हा ते गमतीतच चिकटतं. फरक एवढाच, की मॅगपायला मार्गो म्हणून मॅगपायचं काही बिघडत नाही, बिघडतं ते मार्गोचं.

मांजर की कोंबडा?

हे सगळं आपल्याला माहीत आहे, ते काही भन्नाट माणसांमुळे. यूजेन रोलाँ नावाच्या गृहस्थानं १८७७ पासून फ्रान्सच्या लोकभाषेतली प्राण्यांची नावं, म्हणी, समजुती गोळा करून छापायला सुरुवात केली. शेवटी तेरा खंड झाले. आणि दुसरा माझा फेव्हरिट, एदमाँ एदमाँ. (डबल टाइप झालेलं नाही. एडमंड एडमाँट, आडनावाचा स्पेलिंगमध्ये जरा फरक.) हा माणूस व्यवसायानं किराणावाला, पण कान असा तयार की उच्चारातला बारीकसा फरकही टिपायचा. जूल जिलिएराँ या भाषाशास्त्रज्ञानं त्याला कामाला लावलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चार वर्षांत एदमाँ ६३९ गावं फिरला, बराचसा सायकलवर. प्रत्येक गावात हजारावर प्रश्न. 'तुम्ही याला काय म्हणता? आणि याला?' त्यातून १९०२ ते १९१० मध्ये फ्रान्सचा भाषिक अॅटलस निघाला, दोन हजारांच्या घरात नकाशे असलेला. फील्ड जॉबचा कंटाळा आला असेल तर या माणसाचा फोटो डेस्कवर ठेवा.

त्या नकाशांमधून काय बाहेर पडलं, त्याचा एकच नमुना. नैऋत्येकडे गॅस्कनी प्रांत आहे. तिथल्या बोलीत मांजराला 'गात' म्हणतात. त्याच बोलीच्या नियमानं लॅटिनमधल्या कोंबड्याचा, 'गाल्लुस'चा उच्चारही 'गात'च व्हायला हवा होता. आता विचार करा. 'अगं, गात खुराड्यात शिरलाय!' हे ऐकून पळायचं की निवांत बसायचं? मांजर असेल तर पिल्लं गेली, कोंबडा असेल तर तो त्याच्या घरी गेला. इतकं कन्फ्युजन शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून ज्या भागात हा घोळ होणार होता, नेमक्या त्याच भागात कोंबड्याला नवीन शब्द आले. एक शब्द फेझंट पक्ष्याचा उसना. आणि दुसरा 'बिगे', म्हणजे गावचा अधिकारी. छाती काढून अंगणात फेऱ्या मारतो, पहाटे सगळ्यांना उठवतो, काम स्वतः करत नाही. आणखी काय म्हणणार त्याला?

गळ्यात गाय

यातले बरेच शब्द आज फ्रान्समध्ये फारसं कुणी बोलत नाही. पेरोके, रनार, गियमो, साँसोने पॅरिसच्या भाषेत शिरले म्हणून जगले. बाकीच्यांतले बरेच बोलींबरोबर गेले, आणि बोली आपोआप गेल्या नाहीत.

१७९४ मध्ये, क्रांतीच्या ऐन धामधुमीत, आबे ग्रेग्वार यांनी संसदेपुढे रिपोर्ट ठेवला. मुद्दा हा, की गावठी बोली नष्ट करून सगळीकडे एक फ्रेंच आणायची. त्यांच्याच अंदाजानं तेव्हा नीट फ्रेंच बोलणारे जेमतेम तीस लाख लोक होते. पुढे १८८२ मध्ये शाळा सक्तीची झाली आणि शाळेची भाषा फ्रेंच. अनेक ठिकाणी नियम होता, घरची बोली बोलताना मूल सापडलं की त्याच्या गळ्यात एक वस्तू अडकवायची. लाकडी बूट किंवा असंच काहीतरी. ते मूल दुसऱ्या कुणाला बोली बोलताना पकडून देईपर्यंत ती वस्तू त्याच्याच गळ्यात. ब्रिटनीमध्ये या वस्तूला म्हणत 'ला व्हाश'. अर्थ, गाय.

ज्या पोरांच्या घरी कोंबड्याला साहेब आणि बगळ्याला बर्नार्ड म्हणत होते, त्यांना तेच बोलल्याबद्दल गळ्यात गाय बांधून दिवसभर वर्गात बसावं लागत होतं. मोठी झाल्यावर त्यांनी आपल्या पोरांशी फ्रेंचच बोलायचं ठरवलं. का, ते सांगायला नको. मराठी घरातून इंग्लिश मीडियमला गेलेल्या आपल्या पिढीला ते बरोबर कळेल.

आणि शब्द गेला की नुसता शब्द जात नाही. मार्गो म्हणणाऱ्याला तो पक्षी दिसत होता. कसा बोलतो, काय चोरतो, कुठे बसतो, सगळं. आपल्याला दिसतो तो 'बर्ड'. तोही मोबाइल चार्जिंगला लावला असेल तर.

दालचिनीचं नाव

शेवटची गोष्ट परत पिरेनीजमधली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथली मूळची अस्वलं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. मुसू, मार्तँ, अनवाणी, सगळी नावं होती, ती घ्यायला अस्वलंच नव्हती. १९९६ मध्ये स्लोव्हेनियातून अस्वलं आणून सोडायला सुरुवात झाली. आता अस्वलाच्या जातीला नाव नव्हतं द्यायचं, एकेका अस्वलाला द्यायचं होतं. झिवा, मेलबा, पिरोस. आणि जुन्या, अस्सल पिरेनीज रक्ताची शेवटची मादी होती, तिचं नाव कानेल. म्हणजे दालचिनी.

१ नोव्हेंबर २००४ ला आस्प खोऱ्यात डुकराच्या शिकारीला गेलेल्या एका शिकाऱ्याच्या गोळीनं कानेल मेली. सेंट मार्टिनच्या दिवसाला दहा दिवस बाकी होते. तिच्याबरोबर पिल्लू होतं, ते वाचलं. फ्रान्समध्ये लोक रस्त्यावर आले, राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जाहीरपणे हळहळ व्यक्त केली. त्याआधीच्या शंभर वर्षांत त्याच डोंगरात कितीतरी मुसू मारले गेले होते, आणि मारणाऱ्याला गावात शाबासकी मिळत होती. कानेल मात्र आज तुलूझच्या म्युझियममध्ये आहे, भुसा भरलेली, काचेमागे, नावाच्या पाटीसकट. तिच्या पिल्लाला लोकांनी नाव दिलं कानेलितो. छोटू दालचिनी.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. येत्या रविवारी उठाल तेव्हा, अकरा वाजता का असेना, खिडकीतून जे काही उडताना दिसेल त्याला तुमच्या घरात काय म्हणायचे ते आईला विचारा. आजी असेल तर आजीला. गुगलला नको, त्याला ते माहीत नसतं. तुमच्या घरचा एखादा राघू, एखादा कोला नक्की निघेल.

आमच्या क्लासमध्ये पुढचा धडा माशांचा आहे. वही चाळून ठेवलीय. त्यात एका चपट्या माशाचं नाव आहे सेंट-पिएर. त्याच्या दोन्ही अंगांवर एकेक काळा डाग असतो, तो म्हणे संताच्या अंगठ्याचा ठसा. पिएर पिंजऱ्यात झाला, खिडकीत झाला, आता ताटात. याची सुटका नाही!